गोडे पाणी, मचूळ पाणी : प्रस्तावना

गुम्मिडिपूंडीत आम्ही १९९७ साली बिऱ्हाड मांडले आणि पहिल्याच आठवड्यात माझी तुरीची डाळ शिजेनाशी झाली. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, सात झाल्या, तरी दाणा बोटाखाली टचटचीतच. मी डाळीला दोष दिला आणि दुकान बदलले. शेजारच्या पाट्टी, म्हणजे आजी, ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी आमच्या बोअरच्या पाण्याची चूळ तोंडात घेतली, लगेच थुंकली आणि म्हणाल्या, "उप्पु तण्णी." खारे पाणी. मग आपल्या घरातली हिरवी प्लास्टिकची घागर (इकडे तिला कुडम म्हणतात) उचलून माझ्या उंबऱ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "नल्ल तण्णी." चांगले पाणी. त्या पाण्यात तीच डाळ तीन शिट्ट्यांत मेणासारखी शिजली.

नैसर्गिक संसाधनांवरच्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला बसले, तेव्हा सगळ्यांत आधी ती घागर आठवली. पुस्तकाचा विषय आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. फळ्यावर दोन रकाने असत. एकात सूर्यप्रकाश, वारा, पाणी, जंगल, मासे. दुसऱ्यात कोळसा, खनिज तेल, लोखंड, तांबे. पहिले पुन्हा भरून येणारे, दुसरे एकदा संपले की संपले. परीक्षेत या तक्त्याला पूर्ण गुण मिळत, आणि गुण मिळाले की आपण तो विसरून जात असू. गुम्मिडिपूंडीत पंचवीस वर्षांहून अधिक काळ घर चालवल्यावर माझा त्या तक्त्यावरचा विश्वास बराच उणा झाला आहे. तो तक्ता खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण पाणी पहिल्या रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाताना मी इथे पाहिले आहे, आणि लोखंड दुसऱ्यातून पहिल्याकडे सरकताना पाहिले आहे. ते कसे, हे सांगितले तर पुढची प्रकरणे वाचायला सोपी जातील असे वाटते.

आधी गाव कुठे आहे ते सांगते. चेन्नईच्या मध्यवर्ती स्थानकातून उत्तरेला निघालेली लोकल मिंजूर, पोन्नेरी मागे टाकत गुम्मिडिपूंडीला पोचते. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. जिल्हा तिरुवळ्ळूर, पलीकडे आंध्रची हद्द. गावाच्या पश्चिमेने कोलकात्याकडे जाणारा महामार्ग, पूर्वेला पुलिकत सरोवर आणि त्यापलीकडे बंगालचा उपसागर. सिपकॉट या तमिळनाडू सरकारच्या औद्योगिक महामंडळाची मोठी वसाहत इथेच आहे. पावसाचे वेळापत्रक आपल्याकडच्यापेक्षा निराळे. वाईला माझ्या माहेरी कोजागिरीला आकाश धुऊन निघालेले असते, इथे त्या सुमारास खरा पाऊस सुरू व्हायचा असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पाऊस. चेन्नईत वर्षाकाठी सरासरी १४०० मिलीमीटरच्या आसपास पडतो, लातूरच्या जवळजवळ दुप्पट. तरीही जून २०१९ मध्ये पूंडी, चोळवरम, रेडहिल्स आणि चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी देणारे चारही जलाशय तळाला गेले आणि जुलैत जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची गाडी पाणी घेऊन चेन्नईत आली. एका खेपेला पंचवीस लाख लिटर. तीन वर्षांपूर्वी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला अशीच गाडी गेली होती. पाऊस दुप्पट आणि गाडी तीच, तेव्हा दोष पावसाच्या माथी मारून चालणार नाही.

आता त्या मचूळ बोअरची गोष्ट. चेन्नईच्या उत्तरेला आरणियार आणि कोसस्थलैयार या दोन नद्यांच्या खोऱ्यात वाळू-गाळाचे जाड थर आहेत. आपल्या सह्याद्रीकडच्या काळ्या पाषाणात पाणी जिरते ते वरच्या मुरुमात आणि भेगांत, म्हणून विहीर पावसाळ्यात तुडुंब आणि चैत्रात कोरडी. इथे तसे नाही. वाळूचा थर स्पंजासारखा, हजारो वर्षांचे पाणी पोटात धरून बसलेला. साठच्या दशकाच्या अखेरीला संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने इथली पाहणी झाली आणि मिंजूर, पंचेट्टी, तामरैपाक्कम या भागांत शहरासाठी आणि कारखान्यांसाठी विहिरींची क्षेत्रे उभी राहिली. भातशेतीचे पंप होतेच. पाणी मुबलक होते, आणि ते पुन्हा भरून येणारे आहे हे सर्वांना शाळेत शिकवलेले होते.

किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, ताकावर लोण्याचा गोळा तरंगावा तसे. समुद्राचे पाणी गोड्यापेक्षा थोडेसेच जड, शेकडा अडीच इतके. पण त्या थोड्याशा फरकाचा हिशेब असा बसतो की समुद्रसपाटीच्या वर एक हात गोडे पाणी उभे असेल, तर त्याच्या दाबाने खारे पाणी चाळीस हात खाली रेटलेले राहते. हा नियम उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी एक हात उतरवली की खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस हात वर चढू पाहते. पंपवाल्याला वाटते एक हातच तर गेला. मिंजूरकडे १९६९ च्या सुमारास समुद्राचे पाणी किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटर आत आलेले होते. पुढच्या दशकांत ते दहा किलोमीटरच्या पलीकडे गेले. तमिळनाडूने १९८७ साली चेन्नई महानगर परिसरासाठी भूजल नियमनाचा कायदा केला, तो या खारटपणाने जाग आल्यावर.

आटलेली विहीर एका चांगल्या पावसाने भरते. खारी झालेली विहीर तशी भरत नाही. वाळूच्या कणाकणाला चिकटलेले मीठ धुऊन निघायला कितीतरी पावसाळे वरून गोडे पाणी मुरावे लागते, आणि तेवढी वर्षे उपशाला आवर घालावा लागतो. माणसाच्या आयुष्याच्या मापाने पाहिले तर ते पाणी गेलेच. नव्हे, आहे, भरपूर आहे, पण त्याने डाळ शिजत नाही आणि भातही पिकत नाही. तक्त्यातल्या 'पुन्हा भरून येणारे' या शब्दांच्या पुढे एक अट लिहायची राहून गेली आहे: किती वेगाने भरते, आणि आपण किती वेगाने काढतो. नूतनीकरणक्षम हा वस्तूचा गुण म्हणून शिकवला जातो. माझ्या समजुतीप्रमाणे तो वस्तू आणि माणूस यांच्यातला व्यवहार आहे, आणि व्यवहार मोडता येतो.

यात शेतकऱ्याला बोल लावायला मी तयार नाही. शतकाच्या सुरुवातीच्या टंचाईत शहराने याच खोऱ्यातल्या शेतकऱ्यांकडून त्यांच्या विहिरींचे पाणी विकत घेतले. भाताला भाव नसताना पाण्याला रोकड मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? नदीतली वाळू बांधकामांना गेली. ज्या वाळूतून पाऊस खाली मुरायचा तीच ट्रकमध्ये भरली गेली, म्हणजे घागर रिकामी करून वर तिची चुंबळही नेली. वाळू कोणत्या रकान्यात लिहायची हे मला आजही ठरवता आलेले नाही. पूर येतो, वाळू आणतो, हे खरे. पण एका पावसाळ्यात येते तेवढी वाळू एका रात्रीत उचलली जाते, हे आपल्या गोदा-भीमाकाठच्या वाचकाला मी काय सांगणार.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायची आहे, कारण ती माझ्या माहेराशी जोडलेली आहे. मी वाईची. घाटाच्या पायऱ्यांवर पोहायला शिकले, कृष्णाबाईच्या उत्सवात एका घाटावरून दुसऱ्या घाटावर फिरले. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, धोमवरून वाईला येते, कराडला कोयनेला भेटते आणि पुढे कर्नाटक, आंध्र असा लांबचा प्रवास करून समुद्राला मिळते. चेन्नई तिच्या खोऱ्यात नाही. तरीही १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी आपापल्या वाट्यातले प्रत्येकी पाच टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी तेव्हाच्या मद्रास शहराला द्यायचे मान्य केले. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिले होते, त्यांतले हे पाच. पंधरा टीएमसी निघायचे, वाटेत तीन उडून-झिरपून जायचे आणि बारा तमिळनाडूच्या सीमेवर पोचायचे, असा हिशेब. १९८३ साली आंध्र आणि तमिळनाडूचा तेलुगू गंगा करार झाला, श्रीशैलम, सोमशिला, कंडलेरू असे करत कालवा आला आणि १९९६ मध्ये पाणी पोचले. हद्द ओलांडते ती ऊत्तुकोट्टैला, आमच्या शेजारच्या तालुक्यात.

मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा कालव्याच्या काँक्रीटच्या उतारावर बसून राहिले. पाणी गढूळ, संथ. वाईच्या घाटावरचाच थेंब इथे आला असे म्हणणे भाबडेपणाचे आहे, हे मला कळते. मधे किती धरणे, किती राज्ये. पण नाव तेच होते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने बोट दाखवून मला सांगितले, "कृष्णा तण्णी." मी खाली उतरून हात ओले केले आणि कपाळाला लावले. पुढे २१ नोव्हेंबर २०२० रोजी आमच्याच तालुक्यात कण्णनकोट्टै आणि तेर्वाय कंडिगै इथले जुने तलाव जोडून बांधलेला जलाशय लोकार्पण झाला. चेन्नईचा पाचवा. अर्धा टीएमसी क्षमता, म्हणजे सुमारे चौदाशे कोटी लिटर, आणि भरायचा तोही कृष्णेच्या पाण्याने. ठरलेले बारा टीएमसी बहुतेक वर्षी पुरते येत नाहीत. वरच्या अंगाला दुष्काळ पडला की कालवा कोरडा. आपली विहीर खारी करून घ्यायची आणि दूरच्या नदीकडे हात पसरायचा, हा क्रम मला टोचतो. पण पाच टीएमसी देणाऱ्यांत माझे राज्य आहे याचे समाधानही तितकेच खरे आहे. त्याच बच्छावत निवाड्याने कोयनेचे साडेसदुसष्ट टीएमसी पाणी वीज करून पश्चिमेला अरबी समुद्राकडे सोडायची मुभा दिली आहे. पाच हा आकडा त्याशेजारी ठेवून पाहावा. कोयनेची वीज आपण पुन्हा भरून येणाऱ्या ऊर्जेत धरतो आणि ते बरोबरच आहे, पण ज्या खोऱ्यातून ते पाणी उचलले त्या खोऱ्याला ते परत मिळत नाही.

आता दुसरा रकाना. आमच्या गावात लोखंडाचे कारखाने पुष्कळ. माझ्या घरचे उत्पन्न त्यांतल्याच एका रोलिंग मिलवर चालले. इथे खाणीतून माती येत नाही, येते भंगार. मोडीत निघालेल्या बसगाड्यांचे पत्रे, पाडलेल्या इमारतींच्या सळया, जुने पंप, सायकलींचे सांगाडे. क्रेनला टांगलेले चुंबक तो ढीग उचलते आणि इंडक्शन भट्टीत सोडते. पहिल्यांदा ही भट्टी पाहिली तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही: काळ्या पत्र्यांचा गुंता बघता बघता मऊ पडला, कडा विरघळल्या आणि थोड्या वेळाने आत फक्त एक पांढरा-नारिंगी डोह उरला. सायकल कुठली आणि सळई कुठली, काही ओळखू येईना. त्यातून पुन्हा बिलेट, पुन्हा सळई, पुन्हा कुणाच्या घराचा स्लॅब. गोव्यात लोहखनिजासाठी डोंगर पोखरले, खाणींचा गाळ भातखाचरांत उतरला आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खाणी थांबवाव्या लागल्या. तो डोंगर परत उभा राहणार नाही. पण त्यातून एकदा निघालेले लोखंड मात्र नीट सांभाळले तर पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहू शकते.

भंगारवाल्याची हातगाडी म्हणजे धातूचा पाऊस आहे असे माझे यजमान म्हणत. मला ते पटते, एका पुस्तीसह. भट्टीला वीज लागते, टनामागे शेकडो युनिट. ती येते बहुतांशी कोळशावर. एन्नोरचे कामराजर बंदर २००१ मध्ये सुरू झाले ते मुख्यतः औष्णिक केंद्रांना कोळसा पोचवण्यासाठी. ओडिशातल्या तालचेरचा कोळसा पारादीपवरून जहाजाने इथे उतरतो. तालचेर असो की आपले चंद्रपूर-वणी, हा सगळा गोंडवन कोळसा. गोंडांच्या भूमीवरून जगाच्या भूशास्त्राने उचललेले ते नाव. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतली झाडे दबून तो झाला. एका रात्रपाळीत भट्टी जेवढा जाळायला लावते तेवढा साठायला किती काळ लागला असेल याचा अंदाज मी कितीदा तरी करायला घेतला आणि प्रत्येक वेळी सोडून दिला. मागे राहते ती राख. एन्नोरच्या खाडीत, कोसस्थलैयारच्या मुखाशी, ती राख साचून मासेमारांचे पाणी उथळ झाले. म्हणजे न भरून येणाऱ्या कोळशाची किंमत भरून येणाऱ्या माशांनी चुकवली. पुस्तकात दोन प्रकरणे वेगवेगळी आहेत, जमिनीवर ती एकमेकांत मिसळलेली असतात.

वारा आणि ऊन यांच्याबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण पुस्तकात त्यांचा विस्तार चांगला आहे. तमिळनाडूत मुप्पंदलला आणि आपल्याकडे साताऱ्याच्या चाळकेवाडीला पवनचक्क्या फिरताना ज्यांनी पाहिल्या त्यांना त्यांची थोरवी सांगायला नको. या दोन गोष्टी कितीही वापरल्या तरी उणावत नाहीत. जमीन मात्र उणावते, आणि ती कुणाची हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारावा लागतो. आमच्या तालुक्यातल्या तेर्वाय गावच्या लोकांनी औद्योगिक वसाहतीसाठी गेलेल्या आपल्या गायरानासाठी मोठे आंदोलन केले. गुरे चारायची, सरपण गोळा करायचे ते रान सरकारी दप्तरी पडीक म्हणून नोंदलेले असते. पडीक हा शब्द ज्याने शोधला त्याच्याकडे शेळी नसावी.

राखण्याबद्दल बोलायचे तर मला पुलिकतला जावे लागते. तिथल्या मच्छीमारांत 'पाडु' नावाची जुनी रीत आहे. सरोवरात कोळंबी सापडण्याच्या जागा ठरलेल्या. त्या जागांवर खुंटाची जाळी कुणी, कोणत्या दिवशी लावायची हे चिठ्ठ्या टाकून ठरते आणि पाळी फिरत राहते. चांगली जागा आज तुमच्या वाट्याला, उद्या माझ्या. पाळी नसेल त्या दिवशी त्या जागेत उतरायचे नाही. या रीतीत अन्यायही आहे. ती ठरावीक जातीच्या, ठरावीक गावांच्या घरांपुरती चालत आली आणि बाहेरच्यांना त्यात जागा नव्हती. तरीही पाहताना मला आपली धुळे-नाशिककडची फड पद्धत आठवली. पांझरा, मोसम या नद्यांवरचे बंधारे, पाटाने येणारे पाणी, फडाफडाने ठरलेली पिके आणि कुणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी जाईल हे सांभाळणारा पाटकरी. तमिळ गावांत तलावाचे पाणी वाटणारा नीरकट्टी हा त्याचा सख्खा भाऊ. भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजाने बांधलेले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक लाडाने मामा तलाव म्हणतात, आणि इथली एरी, म्हणजे गावतलाव, यांच्यातही असेच नाते आहे. भाषा वेगळी, पावसाचे महिने वेगळे, पण बांध कुणी दुरुस्त करायचा याचे उत्तर दोन्हीकडे गावापाशीच होते.

ही पाळी आधुनिक काळात नव्याने मांडणारा माणूस आपल्याकडे झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून पाणी पंचायत उभी केली. त्यांनी पाणी जमिनीला न देता माणसाला दिले: माणशी अर्ध्या एकराचे, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही. पन्नास वर्षे होऊन गेली, एवढे धीट वाक्य आपल्या पाण्याच्या राजकारणात पुन्हा कुणी उच्चारलेले मला आठवत नाही. हिवरे बाजारला पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी झाली, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई झाली आणि दर वर्षी पाऊस मोजून गाव पाण्याचा ताळेबंद मांडू लागले. ताळेबंद हा शब्द मला फार आवडतो. संवर्धन म्हटले की डोळ्यांसमोर वृक्षारोपणाचा फोटो येतो. ताळेबंद म्हटले की वही येते, आणि वहीत उसनवारीही लिहावी लागते.

तमिळनाडूनेही एक गोष्ट केली ती नोंदवायला हवी. २००३ साली घराघराच्या छपराचे पाणी जमिनीत मुरवणे सक्तीचे झाले. आम्हीही गच्चीचे पाणी पाइपने खाली घेऊन अंगणातल्या जुन्या विहिरीशेजारच्या खड्ड्यात सोडले. खड्ड्यात आधी दगडगोटे, मग खडी, वर वाळू. पाट्टी रोज येऊन पाहत. पहिल्या दोन पावसाळ्यांत काही फरक पडला नाही आणि गल्लीतल्या काहींनी पाइप काढून टाकले. आम्ही ठेवले. तेव्हापासून मी विहिरीच्या कठड्याच्या आतल्या बाजूला रंगाच्या रेघा मारत आले, दर पोंगलला एक, शेजारी साल. दोराला गाठी मारून पाणी मोजायचे आणि त्या हिशेबाने रेघ. २०१५ च्या महापुरानंतरची रेघ सर्वांत वर आहे, २०१९ ची इतकी खाली की मारायला वाकावे लागले.

पाट्टी आता नाहीत. त्या होत्या तोवर रेघ मारून झाल्यावर पोहरा वर घेत, थोडे पाणी तोंडात धरत आणि सांगत. बरीच वर्षे "उप्पु" म्हणाल्या. २०१६ च्या पोंगलला त्यांनी ते पाणी थुंकले नाही, गिळले, आणि पोहरा माझ्याकडे दिला. मचूळपणा गेलेला नव्हता, जिभेच्या कडेला कळत होता, पण मी त्या दिवशी तुरीची डाळ त्याच पाण्यात लावली. पाच शिट्ट्या लागल्या.